गोरसीची ऊब आणि बाळंतिणीच्या खोलीतील हवा

भिलाई म्हटले की पोलाद कारखान्याची उंच धुराडी डोळ्यांसमोर उभी राहतात. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि दुर्ग-भिलाई परिसरातील हवेची चर्चा तेव्हापासून बहुधा त्या धुराड्यांभोवतीच होत आली. ती अनाठायी नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत भिलाईचे नाव आहे. परंतु बाळंतीण आणि तिचे अर्भक ज्या हवेत अहोरात्र श्वास घेतात ती असते बंद खोलीतील, आणि हिवाळ्यात त्या खोलीत पुष्कळ ठिकाणी गोरसी धुमसत असते.

गोरसी म्हणजे मातीचे पसरट, रुंद तोंडाचे भांडे. त्यात गोवऱ्या, भाताचे तूस, क्वचित कोळसा घालून शेक घेतला जातो. (छत्तीसगडीत गोवरीला ‘छेना’ म्हणतात, मिठाईतला छेना डोळ्यांसमोर असणारा पाहुणा प्रथम चकित होतो.) भाताच्या या प्रदेशात तूस विपुल आहे आणि ते हळूहळू जळत असल्याने ऊब रात्रभर टिकते. गृहिणीला गुण वाटणारी हीच संथ जळण फुप्फुसांना घातक ठरते. हवा पुरेशी न मिळता जळणारे इंधन सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड अधिक सोडते. आपल्याकडे महाराष्ट्रातही बाजेखाली शेगडी ठेवण्याची आणि ओवा-शेपांची धुरी देण्याची रीत आहेच. म्हणून हा विषय केवळ छत्तीसगडचा मानू नये.

अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकातील केसांना वा श्वासनलिकेतील श्लेष्म्याला पुरेसे अडत नाहीत. ते थेट वायुकोशांपर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मूल्यानुसार अशा कणांची चोवीस तासांची सरासरी दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. भारतीय मानक ६० चे आहे. गोवरी वा लाकूड जळणाऱ्या कोंदट खोलीत हे प्रमाण शेकडोंच्या घरात जाते. नवजात बालक मिनिटाला ४० ते ६० वेळा श्वास घेते, म्हणजे प्रौढाच्या दुपटीहून अधिक, आणि त्याचे वायुकोश जन्मानंतरही काही वर्षे वाढत असतात. घरातील धुरामुळे जगभरात २०२० मध्ये सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा या संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालील बालकांच्या न्यूमोनियाचाही वाटा आहे. कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियांना उतारवयात जडणाऱ्या दम्यासारख्या विकाराचे मूळही पुष्कळदा चुलीपाशी सापडते.

येथे एका गैरसमजाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. गोरसी बाहेर पेटवून, धूर ओसरल्यावर आत आणली की ती निर्धोक झाली, असे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया सांगतात. धुराचे कण त्यामुळे घटतात हे खरे. परंतु लाल निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. दारे-खिडक्या लावून निखाऱ्यांशेजारी झोपणे हे धुरापेक्षाही तातडीचे संकट होय. सकाळी डोके जड होणे, मळमळणे ही लक्षणे बाळंतपणाचा थकवा म्हणून सोडून देऊ नयेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) छत्तीसगडमधील सुमारे एक-तृतीयांश कुटुंबेच स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरताना आढळली. उज्ज्वला योजनेचा भर चुलीवर आहे आणि तो योग्यच; पण सिलिंडर आला तरी गोरसी जात नाही, कारण ती स्वयंपाकासाठी नसून उबेसाठी आहे. तेव्हा विस्तार कार्यकर्त्याने नुसते ‘गोरसी बंद करा’ म्हणून भागणार नाही. थंडीची भीती अवास्तव नव्हे. अर्भक गारठले तर तेही प्राणावर बेतते. उबेला पर्याय द्यावा लागेल. आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून वरून पांघरूण घेणे, टोपी-मोजे, पहिली अंघोळ निदान चोवीस तास लांबवणे, हे उपाय बिनखर्ची आहेत. गोरसी हवीच असेल तर ती ओसरीवर, शेकायला बसणाऱ्या पाहुण्यांसाठी असावी. छत्तीसगडमध्ये २००२ पासून काम करणाऱ्या मितानिन घराघरांत जातात. आजीचे मन वळवण्यास त्यांच्याइतके योग्य कोणी नाही. कृषी कार्यकर्त्यांनी त्यांना सोबत घ्यावे.

शेणाच्या बाजूनेही विचार व्हावा. गोवरी जळते तेव्हा तिच्यातील नत्र धुराबरोबर निघून जाते. तेच शेण बायोगॅस संयंत्रात घातले तर चुलीला ज्योत आणि शेताला स्लरी, दोन्ही मिळतात. दोन घनमीटरच्या संयंत्राला दररोज सुमारे ५० किलो ताजे शेण लागते; चार-पाच जनावरे असलेल्या घराला ते परवडते. एकाच गाईच्या घराला हा सल्ला देण्यात अर्थ नाही. शिवाय ज्या थंडीत गोरसी पेटते त्याच थंडीत संयंत्रातील वायुनिर्मितीही मंदावते आणि कुटुंब पुन्हा सरपणाकडे वळते. म्हणून भातकापणी उरकताच संयंत्राभोवती पेंढ्याचा जाड थर द्यावा, शेण कोमट पाण्यात कालवावे आणि हे काम दुपारच्या उन्हात करावे.