संगणक चालू होत नाहीं तेव्हां



सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील गांवांतून संगणक ही आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. पतपेढीचे खातेउतारे, शाळेचे दाखले, दूधसंस्थेचा हिशेब, मुलांचे प्रवेशअर्ज आणि घरच्या लग्नकार्यांतील छायाचित्रें, या सर्वांना टेबलावरील त्या पेटीनें आपल्या पोटांत घेतलें आहे. म्हणूनच एखाद्या सकाळीं बटन दाबावें आणि दिवा लागूं नये, पंखा फिरूं नये, असें झालें म्हणजे मंडळींच्या तोंडून एकच शब्द निघतो, “गेला!” त्या शब्दापाठोपाठ कधीं चांगलें यंत्र मोडींत जातें, तर कधीं नको तो खर्च अंगावर पडतो. त्याहून वाईट म्हणजे, कोणीतरी घाईनें पेटी उघडून नको तेथें हात घालतो. तो शब्द उच्चारण्यापूर्वीं काय पाहावें आणि कोठें थांबावें, तें आज मी आपणांस सांगणार आहें.

वैद्य औषध देण्यापूर्वीं रोगाची जात ठरवितो. येथेंही तसेंच करावें. बटन दाबल्यावर दिवा नाहीं, पंख्याचा आवाजही नाहीं, हा एक प्रकार. दिवा लागतो, पंखा फिरतो, परंतु पडदा काळाच राहतो, हा दुसरा. पहिल्या प्रकारांत वीज यंत्रापर्यंत पोंचलेली नसते किंवा पोंचून आंत अडलेली असते. दुसऱ्यांत वीज आलेली असते. दोष अन्यत्र असतो. या दोहोंची गल्लत केली कीं ‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ अशी गत होते.

प्रथम पहिल्या प्रकाराचा विचार करूं. कऱ्हाडजवळ खोडशी येथें कृष्णेवर जुना बंधारा आहे आणि तेथून निघालेला कालवा सांगली जिल्ह्यांतील शेतांपर्यंत जातो. शेताला पाणी आलें नाहीं तर शहाणा शेतकरी शेत उकरीत बसत नाहीं. तो पाटाच्या कडेकडेनें चालत जातो आणि पाणी कोठपर्यंत आलें आहे व कोठून पुढें गेलेलें नाहीं, तें पाहतो. त्या दोन जागांच्या मध्येंच खोळंबा असतो. संगणकाची परीक्षाही अशीच विजेच्या वाटेनें, एकेक मुक्काम पाहत करावी. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर यंत्र चालू झालें तरी दोष कशांत होता तें कळत नाहीं, आणि पुढच्या वेळीं तीच पंचाईत पुन्हां उभी राहते.

पहिला मुक्काम भिंतीचा. आपल्या घरांत २३० व्होल्ट दाबाची वीज येते. संगणकाचा प्लग ज्या जागीं लावलेला आहे, नेमका त्याच जागीं टेबलावरचा दिवा लावून पाहावा. खोलींतील पंखा फिरतो म्हणून येथेंही वीज आहे असें गृहीत धरूं नये. मध्यें एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो काढून, प्लग सरळ भिंतीला लावून पाहावा.

दुसरा मुक्काम यू.पी.एस.चा. वीज गेल्यावर यंत्र कांहीं मिनिटें चालूं ठेवणाऱ्या या पेटींत बहुधा १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते आणि कांहीं वर्षांत ती जीर्ण होते. बॅटरी अगदींच गेली कीं कांहीं यू.पी.एस. भिंतींत वीज असूनही चालूं होत नाहींत, आणि दोष मात्र संगणकाच्या माथीं येतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना यंत्राची मुख्य पाटी जळाल्याचें दुरुस्तीवाल्यानें सांगितलें होतें. यू.पी.एस. बाजूस ठेवून प्लग थेट भिंतीला लावतांच यंत्र सुरू झालें. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात, तो असा.

तिसरा मुक्काम विजेच्या दोरीचा. तिचें पेटीकडचें टोक टेबल सरकवितांना किंवा झाडलोट करतांना हमखास सैल होतें. तें घट्ट दाबून बसवावें. पुष्कळ ठिकाणीं पडद्याची दोरी आणि पेटीची दोरी एकाच जातीची असते. तशी असल्यास दोहोंची अदलाबदल करून पाहावी, म्हणजे दोरीची परीक्षा फुकटांत होते. याच ठिकाणीं पेटीच्या मागील अंगास बहुधा एक लहान बटन असतें. त्याच्या एका बाजूस उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूस शून्य काढलेलें असतें. रेघ म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. कांहीं जुन्या पेट्यांवर ११५ आणि २३० असे आंकडे लिहिलेली आणखी एक तांबडी पट्टी असते. ती आपल्याकडे २३० वरच असली पाहिजे. मुलांनीं खेळतांना ११५ कडे सरकविली आणि वीज सोडली, तर आंतील भाग जळतो.

एवढें करूनही कांहीं हालचाल नसेल तर प्लग काढावा, छपाईयंत्र, पेनड्राइव्ह वगैरे जोडलेल्या सर्व वस्तु सोडवाव्या, आणि पुढचें बटन वीस-तीस सेकंद दाबून धरावें. आंत रेंगाळलेला विद्युद्भार यानें निघून जातो. मग केवळ विजेची दोरी लावून पुन्हां बटन दाबावें. एखाद्या बिघडलेल्या पेनड्राइव्हनें किंवा पिचलेल्या जोडणीनें सगळें यंत्र अडवून धरल्याचीं उदाहरणें आढळतात.

आतां आंतील रचनेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पेटीच्या मागील कोपऱ्यांत पत्र्याची एक डबी असते, तिला एस.एम.पी.एस. म्हणतात. भिंतींतील २३० व्होल्टच्या विजेचें ती १२, ५ आणि ३·३ व्होल्टच्या सौम्य विजेंत रूपांतर करते. पेटीचें पुढचें बटन घरांतील दिव्याच्या बटनासारखें वीज तोडीत वा जोडीत नाहीं. तें मुख्य पाटीला केवळ इशारा देतें. तो इशारा ऐकावयास कोणी जागें असावें लागतें, म्हणून ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह यंत्र बंद असतांनाही पाटीवर वाहत असतो. पुष्कळ पाट्यांवर त्याची खूण म्हणून इवलासा दिवा लागलेला दिसतो. तो दिवा असेल तर वीज पाटीपर्यंत आली, आणि दोष पुढच्या बटनांत किंवा त्याच्या तारेंत असण्याचा संभव आहे. तो नसेल तर संशय डबीवर जातो. बटन दाबतांच पंखा क्षणभर हलून थांबत असेल, तर आंत कोठेंतरी तारा एकमेकींस भिडल्या असाव्या आणि डबीनें आपल्या रक्षणासाठीं वीज तोडली असावी.

येथें एक मर्यादा आंखून घेतली पाहिजे. पेटीचें झांकण उघडण्यापूर्वीं प्लग भिंतींतून काढावाच. पुढचें बटन बंद असणें पुरेसें नाहीं. परंतु त्या पत्र्याच्या डबीचे स्क्रू मात्र घरच्या माणसानें कधींही काढूं नयेत. तिच्यांतील कपॅसिटरमध्यें ३०० व्होल्टांहून अधिक दाबाची वीज सांठलेली असते आणि प्लग काढल्यानंतरही ती कांहीं काळ टिकूं शकते. डबी बिघडली तर बदलावी, उघडूं नये.

दुसऱ्या प्रकारांत, म्हणजे पंखा फिरतो आणि पडदा काळा राहतो तेव्हां, आधीं पडद्याची वीज व त्याची तार पाहावी. त्यानंतर रॅम म्हणून जी स्मृतीची पट्टी असते, तिच्याकडे वळावें. आपल्याकडील पावसाळ्यांतील दमट हवेनें आणि धुळीनें तिच्या कडेवरील सोनेरी पट्ट्यांवर मळ चढतो. प्लग काढून, एखाद्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत् उतरवावी, मग पट्टी काढून कोरड्या मऊ फडक्यानें पुसावी आणि पूर्ववत् घट्ट बसवावी. मुख्य पाटीवरील नळकांडीसारखे कपॅसिटर माथ्यावर फुगलेले दिसले, तर मात्र काम कारागिराचें आहे.

सांगलीकरांसाठीं एक वेगळी सूचना आवश्यक आहे. कऱ्हाडास कोयना कृष्णेला मिळते आणि दोहींचें पाणी सांगलीकडे येतें. सांगलीस १९२९ मध्यें खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ नदीची उंची मोजतात. तेथें ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांच्याही वर गेलें, आणि जुलै २०२१ मध्यें पुन्हां घरांदुकानांत शिरलें. पाणी उतरल्यावर ‘चालतो का पाहूं’ म्हणून भिजलेल्या संगणकाचें बटन दाबणें, ही सर्वांत घातक उत्सुकता होय. पाण्यानें न बिघडलेले भागही त्या एका क्षणांत जळतात, आणि माणसाच्या जिवासही धोका असतो. म्हणून धरणांतून पाणी सोडल्याची सूचना येतांच मुख्य खटका बंद करावा आणि पेटी माळ्यावर न्यावी. ती भिजलीच, तर न चालवितां कारागिराकडे द्यावी, बुडालेली एस.एम.पी.एस. पुन्हां वापरूं नये.

आणि आतां धीर देणारी गोष्ट. आपले हिशेब, पत्रें आणि छायाचित्रें डिस्क नांवाच्या स्वतंत्र भागांत असतात. डबी जळाली, पाटी निकामी झाली, तरी पुष्कळदां डिस्क शाबूत असते आणि दुसऱ्या यंत्राला जोडून तींतील मजकूर वाचतां येतो. ती सांकेतिक कुलुपानें बंद केलेली असल्यास त्या कुलुपाची किल्ली म्हणून मिळालेला आंकडा मात्र कागदावर उतरून ठेवलेला असावा. म्हणून यंत्र मोडींत काढण्यापूर्वीं डिस्क काढून घ्यावी. बुडालेली डिस्क घरीं वाळवून चालवूं नये. मजकूर काढण्याचें काम जाणणाऱ्याच्याच हातीं द्यावी. महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवण्याची संवय असेल, तर यांपैकीं कशाचीच धास्ती उरत नाहीं.

कारागिराकडे जाण्याची वेळ आलीच, तर सोबत एक चिठ्ठी न्यावी. भिंतीची जागा पाहिली, यू.पी.एस. वगळून पाहिला, दोरी बदलली, पाटीवरचा दिवा लागतो किंवा लागत नाहीं, पंखा हलतो किंवा हलत नाहीं, एवढ्या पांच ओळी तींत असाव्या. त्या ओळींनीं कारागिराचा वेळ वांचतो. आणि आपण पायरीपायरीनें पाहून आलों आहों हें त्याला कळलें, म्हणजे तोही आपल्याशीं त्याच रीतीनें बोलतो.