सँडविचच्या दाबीव काचेची पारख

काचकामाच्या दीर्घ इतिहासात फुंकनळीची जागा यंत्राने घेण्यास अमेरिकेत १८२०च्या दशकात सुरुवात झाली. १८२५ साली पिट्सबर्ग येथील जॉन बेकवेल यांनी फर्निचरला लावायच्या काचेच्या मुठी दाबून बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढील काही वर्षांतच या पद्धतीने ताटल्या, वाट्या, मीठदाण्या व दिवे तयार होऊ लागले. कृती थोडक्यात अशी होती: एक कारागीर भट्टीतून वितळलेल्या काचेचा गोळा उचलून तो धातूच्या साच्यावर धरी, दुसरा कात्रीने त्यातली हवी तेवढी काच कापून साच्यात पाडी आणि तरफ ओढून दट्ट्या खाली आणी, त्या दाबाने काच साच्याच्या प्रत्येक खाचेत शिरून भांड्याची बाहेरची बाजू साच्याप्रमाणे आणि आतली बाजू दट्ट्याप्रमाणे घडे. किती काच कापायची हे मात्र कारागीर केवळ नजरेने ठरवी. काच कमी पडली तर कड अपुरी राही, जास्त झाली तर साच्याच्या सांध्यांतून बाहेर येई. जुन्या दाबीव काचेची पारख करताना या मानवी अंदाजाचे भान सुटून चालत नाही.

या उद्योगाशी सर्वाधिक निगडित असलेले नाव मॅसॅच्युसेट्समधील सँडविच या गावाचे आहे. डेमिंग जार्व्ह्स यांनी १८२५ साली तेथे कारखाना उभारला आणि तो पुढे ‘बोस्टन अँड सँडविच ग्लास कंपनी’ या नावाने १८८८पर्यंत चालला. गाव समुद्रकाठी असले तरी तेथील वाळू चांगल्या काचेस उपयोगी नव्हती आणि ती बाहेरून आणावी लागे. जागेची निवड झाली ती भट्टीसाठी लागणाऱ्या लाकडाकरिता आणि जलवाहतुकीच्या सोयीकरिता. संग्राहकांच्या तोंडी ‘सँडविच’ हे एकेकाळी सगळ्याच जुन्या दाबीव काचेचे नाव होऊन बसले होते; परंतु तशाच वस्तू न्यू इंग्लंडमधील इतर कारखान्यांत, पिट्सबर्गच्या परिसरात आणि फ्रान्समध्येही होत असत, म्हणून पुराव्यावाचून कारखान्याचे नाव घेण्याची सवय सोडलेली बरी.

सुमारे १८२७ ते १८५० या काळातील ज्या काचेला ‘लेसी’, म्हणजे लेससारखी, असे म्हणतात, ती या कलेतील सर्वांत देखणी. तिच्या नक्षीमागची सारी पार्श्वभूमी अत्यंत बारीक ठिपक्यांनी भरलेली असते आणि त्यांवर प्रकाश पडला की वस्तू चांदीसारखी झळाळते. या सौंदर्यामागे एक व्यावहारिक कारण आहे: तप्त काच तुलनेने थंड साच्याला भिडताच पृष्ठभागावर सुरकुत्या पडत आणि कात्रीच्या कापाचाही वळ राही, ठिपक्यांच्या दाटीत हे सगळे झाकले जाई.

लेसी काचेतील सर्वांत जास्त गोळा केला जाणारा प्रकार म्हणजे कपाखालची चिमुकली ताटली. चहा बशीत ओतून पिण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतही ती रूढ होती आणि बशी हातात असताना ओला कप टेबलावर डाग पाडू नये म्हणून तो या तीन-साडेतीन इंच व्यासाच्या ताटलीवर ठेवत. तिच्यावर गरुड, जहाजे, हृदयाकृती आणि हेन्री क्ले यांच्यासारख्या राजकारण्यांच्या प्रतिमा उमटवल्या जात. रूथ वेब ली आणि जेम्स रोझ यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या सूचीत प्रत्येक नमुन्याला क्रमांक दिला आहे आणि संग्राहक आजही तेच क्रमांक वापरतात.

स्थितीची पारख करताना पहिला प्रश्न हा असतो की समोरचे वैगुण्य साच्यात जन्मले की नंतरच्या वापरात आले. काच कमी पडल्यामुळे अपुऱ्या राहिलेल्या पाकळीची कड गोलसर, मऊ आणि चकचकीत असते, कारण तेथे द्रवरूप काच स्वतःच थांबलेली असते. उलट आघाताने उडालेल्या टवक्याची जागा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी खोलगट असून तिची धार बोटाला लागते. साच्याच्या सांध्यातून निसटलेला पातळ पापुद्रा कारखान्यातच मोडून टाकला असेल तर तेथे खरोखरच तुटल्याची खूण राहते, आणि हा प्रकार नंतरच्या टवक्यापासून वेगळा ओळखणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. अशा वेळी खूण सांध्याच्या रेषेवरच आहे की तिच्यापासून दूर आहे, हे भिंगाने पाहावे. कारखान्यातील दोषांमुळे वस्तूची योग्यता फारशी उणावत नाही. पाकळीदार कडेच्या लेसी ताटल्यांत एखादी बारीक कपची उडालेली असणे तर इतके सामान्य आहे की पूर्णपणे अखंड कड दिसताच जाणकार आनंदण्याआधी सावध होतो.

आघातांमध्ये मुका मार विशेष फसवा असतो, कारण वरची काच जागेवर राहते आणि आत केवळ एक पांढुरका ठिपका किंवा चंद्रकोरीसारखी चमक दिसते. आरपार गेलेला तडा याहून गंभीर असतो. वस्तू दिव्यासमोर तिरपी फिरवली की तडा आरशासारखा उजळतो, तर साच्याची सांधरेषा पृष्ठभागावर उंचवट्याच्या रूपाने नखाला जाणवते. टिचकी मारून नाद ऐकण्याची चाचणी प्रसिद्ध असली तरी ती जपून वापरावी. शिसेयुक्त काच दीर्घ काळ नादते, पण १८६४ साली व्हीलिंग येथे विल्यम लेटन यांनी सोडा व चुना यांचे स्वस्त मिश्रण यशस्वी केल्यानंतरची बहुतेक दाबीव काच मुळातच बोदी वाजते. त्यामुळे बोदा आवाज आला एवढ्यावरून तडा आहे असे ठरत नाही.

सर्वांत मोठी हानी मात्र दुरुस्तीने होते. टवका नाहीसा करण्यासाठी कड घासून पॉलिश केली जाते आणि अनभिज्ञ ग्राहकाला ती निर्दोष वाटते. पण त्या घासण्यात पाकळ्यांची उंची कमी होते, ठिपक्यांची शेवटची ओळ अर्धवट कापली जाते आणि भट्टीतून आलेली मूळ कड कायमची नष्ट होते. वेगवेगळ्या दिशांनी व्यास मोजला, पाकळ्यांची एकमेकींशी तुलना केली आणि कडेवरून बोट फिरवले, तर हा बदल बहुधा सापडतो. टवका उडालेली ताटली निदान काय घडले ते सांगते. घासलेली ताटली ते लपवते, आणि म्हणून प्रामाणिक टवक्याची वस्तू घासलेल्या वस्तूपेक्षा श्रेष्ठ मानणेच योग्य आहे.

आणखी एक दोष म्हणजे ‘आजारी’ काच. दीर्घ काळ पाणी साचून राहिल्याने काचेतील क्षार निघून जातात आणि पृष्ठभाग धुरकट होतो. तेल किंवा पाणी लावले असता ही धुरकटी दिसेनाशी होते आणि वाळल्यावर परत येते. म्हणून तेलकट वाटणारी सुरई किंवा फुलदाणी विकत घेण्यापूर्वी धुऊन, पूर्ण वाळवून पाहण्याचा आग्रह धरावा. जांभळटपणाबद्दलही हीच सावधगिरी हवी: लोहामुळे येणारी हिरवट छटा घालवण्यासाठी मिसळलेल्या मँगनीजमुळे काही काच वर्षानुवर्षे उन्हात राहून फिकट जांभळी होते, पण गडद जांभळा रंग कृत्रिम किरणोत्सर्गाने चढवलेला असू शकतो.

विसाव्या शतकात अनेक जुन्या नमुन्यांच्या नकला नव्या साच्यांतून काढण्यात आल्या. त्यांतील ठिपके विरळ व बोथट दिसतात आणि तळाशी वापराचे ओरखडे नसतात किंवा सगळे एकाच दिशेने मुद्दाम ओढलेले असतात, तर खऱ्या वापराचे चरे नाना दिशांना जातात आणि टेबलाला टेकणाऱ्या भागापुरतेच असतात. पहिली खरेदी करू इच्छिणाऱ्याने महागडी अखंड वस्तू शोधण्याऐवजी उघड टवका असलेली, परंतु निःसंशय जुनी अशी एखादी स्वस्त ताटली घ्यावी, भिंगाखाली तिची कड, ठिपके आणि तळ नीट अभ्यासावा, आणि तिचा टवका कोणाकडूनही घासून घेऊ नये.