जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: आधी चालवून पाहा, मग टाका

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. त्यामुळे २०१६-१७ च्या सुमारास घेतलेले, अजून धडधाकट असलेले कितीतरी लॅपटॉप मध्येच अडकले आहेत. त्यांच्यावर लिनक्स चांगलं चालतं.

मात्र लिनक्स टाकण्याआधी आपली कामं तपासा. ब्राउझर, ईमेल, पत्रं, हिशेबाच्या शीट्स, सिनेमे, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर काही अडणार नाही. पण डीटीपीचं काम श्रीलिपी आणि कोरलड्रॉवर चालत असेल, किंवा दुकानाचे हिशेब टॅलीत असतील, तर विंडोज काढू नका. ही सॉफ्टवेअर्स विंडोजसाठी बनलेली आहेत. डिजिटल सहीच्या टोकनवर निविदा भरणाऱ्यांनीही आधी त्याची लिनक्सवर सोय होते का ते पाहावं. युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमधल्या जुन्या फाइल्स त्या फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत. विंडोज हाताशी आहे तोवर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आता निवड. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिहायला घेतलेला लिनक्स हा फक्त गाभा, म्हणजे कर्नल. त्याला डेस्कटॉप, सॉफ्टवेअर आणि अपडेटची व्यवस्था जोडली की डिस्ट्रो तयार होते. नावं शेकड्यांनी आहेत, पण मूळ घराणी मोजकीच. १९९३ चं डेबियन, त्यावर उभं राहिलेलं २००४ चं उबंटू आणि उबंटूवर उभं राहिलेलं २००६ चं मिंट ही एकच वंशावळ. फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिने सांभाळली जाते. ज्यांना सतत नवं हवं त्यांनी ती घ्यावी. आर्च पहिल्याच वेळी घेऊ नये.

घरच्या जुन्या लॅपटॉपसाठी माझं मत लिनक्स मिंटला. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, ही मांडणी विंडोजच्या हाताला लगेच सरावते. शिवाय मिंटच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. मिंटच्या डेस्कटॉपपैकी रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई घ्या, ८ जीबी असेल तर सिनॅमन. आणि लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी बसवा. डिस्ट्रो बदलून जेवढा वेग मिळेल त्याहून कितीतरी जास्त वेग तिने मिळतो.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे तीन जीबीची आयएसओ फाइल उतरवा आणि तिथे दिलेला शा-२५६ चा आकडा आपल्या फाइलशी ताडून पाहा. उतरवताना फाइल अर्धवट किंवा खराब झाली असेल तर ते इथेच कळतं. मग रूफस किंवा एचर वापरून ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहा. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल. लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा: डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेल्सवर एफ१२, एचपीवर एफ९. मेनूतून पेन ड्राइव्ह निवडा.

आता समोर दिसणारं मिंट पेन ड्राइव्हवरून चालतंय. डिस्कला अजून हातही लागलेला नाही. इथे घाई करू नका. वायफाय जोडा, यूट्यूब लावून आवाज ऐका, कॅमेरा, ब्लूटूथ, प्रिंटर पाहा, झाकण मिटून पुन्हा उघडा. पेन ड्राइव्हवरून सगळं थोडं हळू चालतं, त्यावरून वेग ठरवू नका. वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा. काही ब्रॉडकॉम कार्डांचे ड्रायव्हर नंतर टाकावे लागतात.

टाकायचं ठरलं की आधी बॅकअप, तोही बाहेरच्या डिस्कवर. विंडोजही ठेवायचं असेल तर विंडोजमध्येच तीन कामं उरका. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घेऊन ते बंद करा. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंदच होत नाही आणि लिनक्सला त्याच्या पार्टिशनवर लिहिता येत नाही. मग डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसवून निदान ५० जीबी जागा मोकळी करा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर बहुधा बायोसमध्ये ती इंटेलच्या रेड मोडवर असते आणि एएचसीआयवर आणावी लागते. विंडोज आहे तशा अवस्थेत हे एकदम बदललं तर विंडोज सुरू होत नाही, म्हणून हे जाणकाराला सोबत घेऊन करा.

इन्स्टॉलरमध्ये एकच पडदा जपून वाचायचा: विंडोजच्या शेजारी टाकायचं की संपूर्ण डिस्क पुसायची. पुढे टाइमझोन, नाव, पासवर्ड, एवढंच.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर अपडेट मॅनेजर चालवा, ड्रायव्हर मॅनेजर पाहा आणि टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट चालू करा. टाइमशिफ्ट प्रणाली मागे नेतं, पण आपले फोटो-कागदपत्रं ते मुळातच धरत नाही. त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडा. यादीत इनस्क्रिप्टही आहे आणि उच्चारानुसार टंकायचा कागपाही.

दोन्ही प्रणाली ठेवल्या की कधीकधी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल ही आज्ञा वापरून यंत्राचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवता येतं.

काही अडलंच तर मदत मागताना लॅपटॉपचं मॉडेल, मिंटची आवृत्ती आणि पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा द्या. 'चालत नाही' एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही.