पासंग

भाची भौतिकशास्त्रात संशोधन करते. विषय विचारला की म्हणते, "बुद्धीचं भौतिकशास्त्र." 1982 मध्ये जॉन हॉपफिल्डनं स्मृतीला दऱ्याखोऱ्यांचं रूप दिलं: अर्धवट आठवण उतारावरून घरंगळत जवळच्या दरीत जाऊन पुरी होते. 2024 चं नोबेल त्याला मिळालं, जेफ्री हिंटनबरोबर. तो उतार क्वांटम संगणकावर मांडता येईल का, हा तिचा ध्यास. पण परवा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी बसून तिनं दिवसभर जे केलं, ते मला तरी किराणा दुकानातलं काम वाटलं.

यंत्र परदेशात, उणे 273.15 अंशांच्या जेमतेम वर गारठवलेलं. इथून लॅपटॉपवरून दोन क्यूबिटांचं साधं सर्किट पाठवायचं आणि रांगेत थांबायचं. ते 1024 वेळा चालतं. क्यूबिट एकमेकांत गुंतलेले, म्हणून उत्तर 00 किंवा 11 एवढंच यायला हवं. बहुतेकदा तसं आलंही. पण चाळीसेक वेळा 01 नाहीतर 10.

"मामा, मोजेपर्यंत 1 घसरून 0 होतो कधीकधी. मशीनचा पासंग आहे तो."

पासंग हा शब्द आजोबांचा. तो काढायची रीतही तराजूचीच. 00, 01, 10, 11 या चारही अवस्था मुद्दाम तयार करायच्या, प्रत्येक अवस्था मोजताना काय येतं ते सोळा घरांच्या तक्त्यात भरायचं, मग तक्ता उलटा लावून खरे आकडे काढायचे.

ही चार मापं पाठवली आणि रांग लांबली, म्हणून किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात जाऊन आलो. तिथल्या 876 सालच्या शिलालेखात देवाच्या बागेचं माप 270 हात बाय 187 हात आणि रोजचे हार 50. शून्य म्हणजे चिमुकलं वर्तुळ, शेजारच्या आकड्यांहून लहान. गाइड त्याला जगातलं पहिलं म्हणतात. कंबोडियातलं 683 चं त्याहून जुनं आहे. मला आवडतं ते वेगळंच: इथं शून्य माळ्याच्या हिशेबाला आलंय.

परतलो तेव्हा तक्ता तयार होता. दुरुस्त आकड्यांत 10 च्या घरात उणे 2.

"उणे दोन वेळा? असं कसं घडेल?"

"घडत नाही. गणितात येतं."

बेरीज 1024 च राहायला हवी. तेवढं तिनं बाकीच्या घरांतून वळतं केलं, आणि त्या घरात 0 लिहिलं.