नांगर विकणारा काय विकत होता?

धंदा म्हटला की शेतकरी घरात पहिली आठवण होते ती मापात मारणाऱ्या दुकानदाराची, नाही तर मालात खोट काढून भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याची. ही आठवण खोटी नाही. पण धंदा म्हणजे एवढेच असे धरून बसलो, तर घरचा मुलगा गिरणी काढतो म्हणाला की आपण उगाच त्याच्या आडवे जातो. म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराची हकिगत पुन्हा पाहू या.

लक्ष्मणराव १८६९ सालचे. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन फाडतो. लोखंडी नांगर ढेकूळ उलथून टाकतो आणि हरळीची मुळे उन्हात वाळतात. फायदा डोळ्यांना दिसणारा. तरीही गिऱ्हाईक फिरकेना! लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी त्या वेळची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात.

यात शेतकऱ्याचा अडाणीपणा काढणे मला पटत नाही. नांगर फसला तर कारखानदाराचा एक नांगर जाणार. शेतकऱ्याचे सबंध वर्ष जाणार. मग त्याने आधी उडी का घ्यावी? ती धंदेवाल्यानेच घ्यायची. लोखंड त्याने आणायचे, कारागिरांची मजुरी त्याने द्यायची, माल पडून राहिला तर कळ त्यानेच सोसायची. समाजात धंद्याला जागा आहे ती यासाठी. नफा मिळतो तोही या सोसण्याचा. आपण खळ्यावरचे सगळे धान्य खात नाही, बियाणे बाजूला काढतो. कारखान्यालाही पुढचे लोखंड घ्यायला नफ्यातून काही मागे ठेवावेच लागते. उलट जो दुकानदार हमी देत नाही, पावती देत नाही आणि बी उगवले नाही तर ‘तुमचे नशीब’ म्हणतो, तो नफा घेतो पण जोखीम सगळी आपल्या गळ्यात घालतो.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. निवडुंगाने भरलेला, सापांचा माळ तो! तिथे ओतकाम, सुतारकाम शिकलेली माणसे तयार झाली, त्यांची घरे उभी राहिली. पंप आले, १९४६ साली पुण्यात ऑईल इंजिनांचा कारखाना निघाला. ज्या विहिरीवर मोट चालायची, तिथे इंजिनाचा आवाज ऐकू येऊ लागला. शेतकऱ्याने नांगरापायी मोजलेला पैसा असा फिरत फिरत त्याच्याच बांधावर आला.

तेव्हा मुलगा गिरणी काढतो म्हणाला तर ‘आपल्यात कोणी धंदा केला नाही’ एवढ्यावर त्याला गप्प बसवू नका. त्याच्यासमोर वही ठेवा. गावात किती घरे आहेत, दळण आज कोठे जाते, वीज किती तास असते, पट्टा तुटला तर नवा कोठून आणणार आणि पहिले सहा महिने गिऱ्हाईक कमी आले तर हप्ता कशातून भरणार, हे त्याच्याच हाताने लिहू द्या. आणि घरातल्या बायकांना विचारायला विसरू नका. दळणाची खेप त्याच घालतात. कोणत्या गिरणीत पीठ जाड येते हे त्यांना पक्के ठाऊक असते.