वाहनातील विद्युत तारांची जोडणी

वाहनातील विद्युत तारांची जोडणी म्हणजे मोटारीच्या विद्युत मंडलातील दोन किंवा अधिक तारा अशा रीतीने एकत्र जोडणे, की त्यांतून प्रवाह अखंड वाहील, धक्के व ताण सहन होतील आणि ओलावा आत शिरणार नाही. उंदरांनी कुरतडलेल्या तारांची दुरुस्ती करताना किंवा हॉर्न, धुक्यातील दिवे यांसारखी उपकरणे नव्याने बसवताना असे जोड द्यावे लागतात.

महत्त्व

मोटारगाड्यांमध्ये सामान्यतः १२ व्होल्टची, तर मालमोटारींमध्ये २४ व्होल्टची विद्युत व्यवस्था असते. दाब कमी असल्याने जोडातील अल्प रोधही जाणवतो. ६० वॅटच्या हेडलाइटमधून सुमारे ५ अँपिअर प्रवाह वाहतो. जोडात ०.२ ओहम रोध असेल, तर ओहमच्या नियमानुसार तेथे सुमारे १ व्होल्ट खर्च होतो व ५ वॅट उष्णता निर्माण होते. तारेच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा वेगाने घटत असल्यामुळे एवढ्या घटीने तो सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो.

सैल जोड तापू लागला तरी फ्यूज उडेलच असे नाही. फ्यूज प्रवाह वाढल्यावर वितळतो. सैल जोडामुळे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो. म्हणून अशा जोडाचे आवरण वितळून आग लागण्याचा संभव असतो.

स्थानिक परिस्थिती

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असून जून ते सप्टेंबर या काळात तेथे विपुल पाऊस पडतो. शहापूर तालुक्यातून मुंबई–नाशिक महामार्ग कसारा घाटाकडे जातो, तर मुरबाडवरून कल्याण–नगर मार्ग माळशेज घाटाकडे जातो. पावसाळ्यात या घाटांत दाट धुके असते. तेथे ऐन वळणावर दिवा विझणे जिवावर बेतू शकते. चिखलपाणी व खडबडीत रस्ते यांमुळे जोडांवर सतत ताण येतो. ओल लागलेल्या तांब्यावर हिरवट थर चढून रोध वाढतो. त्यामुळे उन्हाळ्यात निर्दोष वाटलेला जोड पावसाळ्यात निकामी ठरू शकतो.

पद्धती

पिळाचा जोड : तारा सोलून पीळ देणे व वर चिकटपट्टी गुंडाळणे ही सर्वांत प्रचलित, पण तात्पुरतीच योग्य अशी पद्धत आहे. कंपनाने पीळ सैल होतो आणि इंजिनाच्या उष्णतेने पट्टीचा डिंक पातळ होऊन ती सुटते.

दाबजोड (क्रिंपिंग) : तारेच्या जाडीला अनुरूप धातूची नळी किंवा थिंबल घेऊन त्यात सोललेली टोके घालतात व ती क्रिंपिंगच्या पकडीने दाबतात. योग्य दाबाने तारेचे धागे व नळी इतकी एकजीव होतात, की आत हवेलाही वाव राहत नाही. साध्या पकडीने चेपलेल्या जोडाला ही घट्टता येत नाही. टोकांना आधी डाख लावू नये. दाबाखाली डाख हळूहळू सरकतो व जोड ढिला होतो.

डाखाचा जोड : तारा एकमेकींत गुंफून त्यांवर कथिलयुक्त डाख देतात. वीजवहनाच्या दृष्टीने हा जोड उत्तम असतो; मात्र डाख धाग्यांमध्ये पुढे झिरपून तार ताठ होते आणि ताठ व लवचीक भागांच्या सीमेवर ती कंपनाने तुटू शकते. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना तार बांधून आधार द्यावा लागतो. डाखासाठी राळ वापरतात. भांड्यांच्या कल्हईतील नवसागर किंवा आम्लयुक्त द्रव्ये तांबे गंजवत असल्याने येथे वर्ज्य आहेत.

संरक्षण

जोडावर आतून डिंक असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवतात. ही नळी तारा जोडण्यापूर्वीच एका तारेत ओवावी लागते. तारेवरून ओघळणारे पाणी सर्वांत खालच्या बिंदूशी साचते. म्हणून जोड तेथे न ठेवता वरच्या बाजूस ठेवतात. अनेक तारा जोडायच्या असल्यास जोड पुढे-मागे ठेवल्याने जुडगा जाड होत नाही व जोड एकमेकांवर घासत नाहीत.

तपासणी

जोड हाताने ओढून पाहावा. त्यानंतर उपकरण चालू ठेवून मल्टिमीटरने जोडाच्या दोन्ही बाजूंमधील व्होल्टेज मोजावे. ते शून्याच्या जवळ असावे, ०.१ व्होल्टपेक्षा अधिक आढळल्यास जोड पुन्हा करणे इष्ट. उपकरण बंद असताना ही चाचणी निरर्थक ठरते, कारण प्रवाहाशिवाय व्होल्टेज घटत नाही.

सुरक्षितता

कामापूर्वी बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवतात व शेवटी जोडतात. तसे न केल्यास धन टोकावरील पाना गाडीच्या धातूला लागून शॉर्टसर्किट होऊ शकते. नव्या तारेला बॅटरीजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज असावा. त्याऐवजी तांब्याची तार घातल्यास संरक्षण नाहीसे होते. एअरबॅगच्या तारा, तसेच विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी रंगाच्या उच्चदाबाच्या तारा सामान्य कारागिराने जोडू नयेत.