गाव खाली, यात्रा वर

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी अकोटहून पोपटखेडमार्गे धारगडकडे भाविकांची रीघ लागते. महादेवाचं हे ठिकाण मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे. यात्रा अजून भरते, धारगड गाव मात्र वर उरलेलं नाही. तिथल्या कुटुंबांना पुनर्वसनात खाली सपाटीवर आणलं. वाघाला माणसांचा जाच नको म्हणून गाव उठलं, आणि श्रावणात त्याच रस्त्याने हजारो माणसं वर जातात. यात्रा बंद करा असं मी म्हणत नाही. म्हटलं तर अकोटात मला कोणी चहा पाजणार नाही. पण जंगलात कोणाचा वावर खपतो आणि कोणाचा खुपतो, याचं माप सगळ्यांना सारखं नाही, हे इथे ढळढळीत दिसतं.

देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट होता, साल 1974. आज प्रकल्पाचा विस्तार सुमारे 2,768 चौरस किलोमीटर आहे. त्यातलं 1,500 गाभा क्षेत्र, उरलेलं बफर. सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्या इथून तापीकडे वाहतात, वाण दक्षिणेला पूर्णेकडे. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वाणच्या गोड्या पाण्याची किंमत सांगायला नको. विहिरीला खारट पाणी लागणाऱ्या अकोला जिल्ह्यातल्या कितीतरी गावांची तहान वाण धरणावर भागते. म्हणजे मेळघाटचं जंगल टिकणं ही सफारीवाल्यांची हौस नाही, ती वऱ्हाडच्या सपाटीची गरज आहे. फक्त त्या गरजेची किंमत सपाटीने मोजलेली नाही. ती डोंगरातल्या कोरकू आदिवासींनी आणि गवळ्यांनी मोजली.

इंग्रजी अमदानीत वनखात्याला सागवान तोडायला, रस्ते करायला, वणवा विझवायला माणसं लागत. त्यासाठी जंगलातच वनग्रामं वसवली गेली. तीच माणसं पुढे चराई, जळतण आणि शेतीचा तुकडा यांसाठी गुन्हेगार ठरू लागली. कोरकूचं वर्ष आजही जंगलाच्या पंचांगावर चालतं: पावसाळ्यात डोंगरउतारावरची शेती, मग डिंक, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं, चारोळी, त्यानंतर तेंदूपत्ता. मधल्या काळात वीटभट्ट्यांवर नाहीतर सपाटीच्या शेतांवर मजुरी. होळीला मात्र माणूस जिथे असेल तिथून परततो, कारण फगवा गावातच मागायचा असतो. यातलं एकेक कलम बंद होत जातं तसतशी मजुरी लांबत जाते, आणि आई भट्टीवर असली की अंगणवाडीतला आहार कागदावरच राहतो. मेळघाटच्या कुपोषणाच्या बातम्या 1993 पासून आपण वाचतो आहोत. त्यांचा संबंध आरोग्यखात्याइतकाच या पंचांगाशीही आहे.

पुनर्वसनाची सुरुवात बोरी, कोहा आणि कुंड या तीन गावांपासून झाली. पुढे वैराट, चुर्णी, अमोणा, नागरतास, बारुखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशी यादी वाढत गेली. 2008 पासून दर कुटुंबाला 10 लाख रुपये, आणि अठरा वर्षांवरचा मुलगा स्वतंत्र कुटुंब. ऐकायला रक्कम मोठी. पण हा आकडा 2021 साली 15 लाख होईपर्यंत जागचा हलला नाही. तेवढ्या वर्षांत अकोट-तेल्हाऱ्याच्या काळ्या जमिनीचा भाव कुठल्या कुठे गेला, हे तिथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावं. शिवाय ज्याचा सगळा व्यवहार मोह आणि गुरांवर चालला, त्याच्या हाती एकाएकी नगद आली तर ती किती दिवस पुरेल? आधी दाराशी मोटरसायकलवाला येतो, जमिनीचा दलाल त्यानंतर.

2017 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2019 मध्ये यांतल्या काही गावांचे लोक बिऱ्हाडं घेऊन वर परतले. शेतीला जमीन नाही, पाणी नाही, औषधोपचार नाही, माणसं दगावताहेत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. 2019 मध्ये केलपाणी-गुल्लरघाटच्या परिसरात वनकर्मचारी, राखीव पोलीस आणि गावकरी यांच्यात हाणामारी झाली. दोन्हीकडचे जखमी झाले. जखमी वनरक्षक हा बहुतेकदा आसपासच्याच गावातला, जेमतेम पगारावर राबणारा तरुण असतो. धोरण चुकलं की त्याची काठी आणि आदिवासीची गोफण समोरासमोर येतात. ते धोरण आखणारे त्या वेळी तिथे नसतात.

दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. गावं उठली तिथे गवताळ कुरणं तयार झाली, तृणभक्षी उतरले, त्यांच्या मागे वाघ आला. गाभ्यातल्या काही कुटुंबांना रस्ता, शाळा आणि दवाखान्यासाठी स्वतःहून खाली यायचं होतं, आजही असेल. त्यांना अडवणं हाही अन्यायच. वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2006 ची दुरुस्ती आणि त्याच वर्षीचा वनहक्क कायदा यांचं म्हणणं साधं आहे: आधी हक्कांची नोंद करा, माणूस आणि वाघ एकत्र राहूच शकत नाहीत हे दाखवून द्या, ग्रामसभेची संमती घ्या, सोयी तयार करा, मग हलवा. मेळघाटात हा क्रम बऱ्याचदा उलटा झाला, असं माझं मत आहे. संमतीची सही झाली, सोयी मागून येत राहिल्या.

याच डोंगरांच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यात, पायविहीर आहे. कोरकूवस्तीचं लहानसं गाव, शेजारी उजाड टेकड्या. 2012 मध्ये गावाला सुमारे 190 हेक्टर वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. परतवाड्याच्या ‘खोज’ संस्थेची साथ होती. गावाने चर खणले, झाडं लावली, कुऱ्हाड आणि चराई यांवर स्वतःच नियम घातले आणि पाळले. ज्या टेकडीवर वनखात्याची पाटी लागूनही गवत टिकत नव्हतं, तिथे सीताफळाचं उत्पन्न निघू लागलं. ते थेट मुंबईपर्यंत विकलं गेलं, मधला अडत्या वगळून. 2014 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार गावाला मिळाला. उपातखेडा, नायाखेडा आणि खतिजापूर ही गावंही त्याच वाटेवर आली.

पायविहीर गाभ्यात नाही, तिथे वाघाचं बस्तान नाही, त्यामुळे केलपाणीचं उत्तर तिथून उचलून आणता येणार नाही. पण बफरमध्ये शेकडो चौरस किलोमीटर जंगल आणि कितीतरी गावं आहेत, आणि तिथे हे उत्तर चालतं. वनहक्क कायदा ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देतो आणि ते राखण्याची जबाबदारीही तिच्यावर टाकतो. 15 फेब्रुवारी ते 15 जून या वणव्याच्या हंगामात ज्याच्या हाती मोहाच्या झाडाचं उत्पन्न येणार आहे, तो आग पहिल्यांदा पाहतो आणि पहिल्यांदा धावतो. हक्काचा दावा नाकारलेला माणूस कशाला धावेल?

मागणी तीनच गोष्टींची आहे. बफरमधले सामूहिक दावे तालुक्याच्या कपाटातून बाहेर काढून निकाली काढावेत, आणि गाव उठवण्यावर खर्च होतो त्याचा काही हिस्सा या ग्रामसभांच्या हाती द्यावा. आणि दर चार वर्षांनी देशभर वाघ मोजले जातात, त्याच वेळी खाली आणलेल्या प्रत्येक कुटुंबाचीही मोजणी व्हावी: जमीन किती उरली, मूल शाळेत आहे का, मजुरीला किती महिने बाहेर जावं लागतं. दोन्ही आकडे एकाच अहवालात, शेजारी शेजारी छापावेत.